नाड्याखालचे दोन बोल्ट

नांदेडहून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर धपाट्यांचा डबा. जायचं होतं थेट निलंग्याला. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला बघितल्याशिवाय आईला चैन पडेना. बायको म्हणाली, "एवढ्या लांब गाडीवर कशाला? एसटीनं जा की." आईनं पदर खोचला. "एसटीत कंबर मोडती माय. आन माझ्या दिगूनं गाडी स्वतः बघितलीय. मला कशाची भीती?"

हे 'स्वतः बघितलीय' काय, ते आधी सांगतो. मोटरसायकल दोन महिन्यांची. पहिलं मोफत सर्व्हिसिंग शोरूममध्ये केलं. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी धुऊनपुसून, चकाचक करून परत मिळाली. पुस्तकात शिक्का, तपासणीच्या कागदावर टिकमार्कांची रांग. माझा विश्वास बसेना. मी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवतो. "बोल्ट दिसला की पान्हा लावा, डोळ्यावर विसंबू नका" हे वाक्य वर्षातून शंभरदा माझ्या तोंडून निघतं. म्हणून रविवारी अंगणात गाडी घेऊन बसलो. ऑइल, चेन, एकूण एक बोल्ट पाहिला आणि माझ्या वहीत टिकमार्क केले. आता प्रश्न होता दुसऱ्या सर्व्हिसिंगचा. शोरूमला नेली नाही तर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर वॉरंटीवर पाणी. नेली तर जिवाला स्वस्थता नाही. म्हटलं, निलंग्याला जाऊन येऊ, गाडी कशी चालते बघू आणि मग ठरवू.

लोहा मागं टाकून माळेगावला थांबलो. आईनं खंडोबाला हात जोडले आणि येताना मूठभर भंडारा (देवाची हळद) घेऊन आली. वाकून तो पुढच्या चाकापाशी बांधलेल्या नाड्याला लावला. हा लाल-पिवळा नाडा तिनंच बांधलेला. गाडी घरी आली त्या दिवशी पूजा झाल्यावर मी हँडलला बांध म्हणत होतो. ती म्हणाली, "हँडलचं काय घेऊन बसलास? धावतं ते चाक." पुढच्या शॉकअपला, ब्रेक असतो तिथं, सात वेढे देऊन तिनं अशी गाठ मारली होती की बैलही सुटू नये.

माळाकोळीच्या पुढं उतार लागला. मी ब्रेक दाबला आणि पुढून 'कट्' असा आवाज आला. पुन्हा दाबला, पुन्हा कट्.

"दिगू, तुझी गाडी काहीतरी बोलायलीय."

"नवी गाडी आहे आई. रुळली की गप्प होईल."

स्वतःचं हे वाक्य आज आठवलं तरी कानशिलं तापतात. अहमदपूर गेलं. दोन्हीकडं सोयाबीन पिवळं पडत होतं, आई कुणाच्या शेतात किती उतारा पडेल याचा अंदाज सांगत होती आणि मी फक्त तो आवाज ऐकत होतो. शिरूर ताजबंदला चहाला थांबलो. भज्यांची पहिली प्लेट आईपुढं आली, तोवर मी शेजारच्या गॅरेजवाल्याला हाक मारली. पिकलेली दाढी, कपाळावर चढवलेला चष्मा. सगळे त्याला रशीदभाई म्हणत होते.

रशीदभाईनं ब्रेक दाबून गाडी पुढं-मागं केली. मग खाली बसला आणि नाड्याकडं बघत राहिला.

"सर, ये दोरा किसने बांधा?"

"आईनं. का?"

"याला हात लावू का? आधी इचारलेलं बरं. लोक भांडायला उठतात."

मी मान हलवली. त्यानं वेढ्यांच्या फटीतून एक बोट आत घातलं आणि त्याचा चेहराच बदलला. "या अल्ला! सर, तुम्हीच बघा."

मी बोट घातलं. चाकाच्या तबकडीला (डिस्कला) धरणारा ब्रेकचा चिमटा शॉकअपला दोन बोल्टांनी आवळलेला असतो. वरचा बोल्ट माझ्या बोटानं फिरला. नुसत्या बोटानं! खालच्या बोल्टाच्या जागी बोट गेलं ते सरळ भोकात. तिथं बोल्टच नव्हता. मी तिथंच, ऑइलच्या डागावर, मटकन बसलो.

"मग... मग हे धरलंय कशानं?"

"दोऱ्यानं," रशीदभाई म्हणाला. "आन वरचा बोल्ट अजून धा-पंधरा किलोमीटर टिकला असता. मंग हा चिमटा फिरून चाकात घुसला असता. चाक जाम. तुम्ही समोर, अम्मा तुमच्याबी पुढं."

त्यानं कात्री उचलली तशी आई भजी टाकून धावत आली. "कापू नका बाबा. मी बांधलाय, मीच सोडते." ती मातीत बसली. कुंकू, हळद आणि रस्त्याच्या धुळीनं नाड्याचा चिवट गोळा झाला होता. एकेक वेढा नखानं उकलत तिनं तो सोडवला. शेवटच्या वेढ्यातून हरवलेला बोल्ट टप्पकन तिच्या ओटीत पडला.

"बघ, माझ्या नाड्यानं वाचवलं," ती म्हणाली. चाक जाम होऊन दोघांचा जीव जाणार होता, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

रशीदभाईनं दोन्ही बोल्ट आवळले, माझ्याकडूनही एकदा पान्हा लावून घेतला. लातूरला म्हटलं, "आई, इथून पुढं तू एसटीनं चल." ती हसली. "मोडकी होती तवा बसवलंस, आता नीट झाली तर उतरवायलास व्हय?"

निलंग्याला मावशीनं दारातच हाक दिली, "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) तिच्या सासरी निम्मं कानडी चालतं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, पण वाढताना हात थांबेना. सकाळी मावसभावानं गरम निलंगा राइस (इथला नाश्त्याचा तिखट मसालेभात) आणला. सगळे जिभेला चटका बसला म्हणून हसत होते, माझ्या तोंडाला चव नव्हती.

परत आलो ते तडक शोरूम गाठलं. कागद समोर आपटला. "पुढचा ब्रेक, ठीक. ही टिक कुणी केली?"

मेकॅनिक बिचारा माझ्या आयटीआयच्या पोरांच्या वयाचा. "सर, म्या केली. पूजेचा दोरा होता ना वर. आम्ही त्याला हात लावत न्हाई. मागं म्या दोरा तोडला म्हणून एका गिऱ्हाइकानं माझी कॉलर धरली होती. चुकलं सर."

मी त्याला फाडून खाणार होतो. शब्द ओठावर आले होते, आणि एकदम आठवलं. घरी आलो, वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पुढचा ब्रेक' आणि पुढं टिक. त्या रविवारी मी पान्हा घेऊन तिथपर्यंत गेलो होतो. नाडा दिसला, आईनं बांधलाय म्हणून हात मागं घेतला. आणि टिक केली. शोरूम की घर, या वादात मी इतके दिवस घालवले. आणि दोन्हीकडं तेच दोन बोल्ट तसेच राहिले.

आई दारात उभी होती. वही माझ्या हातात होती, खोटं बोलायला जागा नव्हती. सगळं सांगितलं, आवाज, बोल्ट, चाक जाम, सगळं. ती खाली बसली.

"शोरूमवाला परका हाय, त्यानं माझा नाडा कशाला सोडावा?" ती म्हणाली. "तू का न्हाई सोडलास?"

"तू बांधला होतास म्हणून."

"आरं, तुझा जीव ऱ्हावा म्हणून बांधला होता मी," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "तुझ्या जिवापरीस मोठा होता का रे तो?"

दुसऱ्या सर्व्हिसिंगला गाडी शोरूमलाच नेली. निघण्याआधी आई अंगणात आली आणि निलंग्याहून आल्यावर हँडलला तिनंच नव्यानं बांधलेला नाडा स्वतः सोडून माझ्या हातात दिला.