रद्दीतली कुपनं

माझ्या वहिनीला अख्खी इमारत 'कुपनवाली' म्हणायची आणि तिला त्याचा राग यायचा नाही. उलट नव्यानं राहायला आलेल्या एखाद्या बाईनं दार वाजवून "कुपनवाल्या ताई इथंच ना?" असं विचारलं, की ती ओले हात पुसत बाहेर यायची आणि खुर्ची पुढं करायची.

दर गुरुवारी कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाचं पत्रक घरोघर पडायचं. घरटी एक. वहिनी ते आधी नुसतं वाचायची, माहेरचं पत्र वाचावं तसं. मग कात्री घ्यायची. तेलाचं, साबणाचं, अंड्यांचं कुपन कापून बिस्किटांच्या डब्यात, मुदत आधी संपणारं वर. त्यानंतर एका कागदावर सगळा आठवडा लिहायची आणि कागद कपाटाच्या दाराला डकवायची. सोमवारी घेवडा जास्तीचा उकडायचा, मंगळवारी त्याचं सूप, उरलेला बुधवारी भातात. कोबीची बाहेरची पानंसुद्धा तिनं कधी टाकली नाहीत.

"आमच्या घरात भूकसुद्धा आधी कळवून लागते," दादा म्हणायचा.

"कळवून लागते म्हणूनच भागते," वहिनी मान वर न करता म्हणायची.

माझं लग्न मोडलं आणि मी एक पिशवी घेऊन भावाच्या दारात उभी राहिले, तेव्हा घरात तिघं होती. दादा, वहिनी आणि त्यांची शाळेत जाणारी छकुली. वहिनीनं मला काही विचारलं नाही. कपाटाचा कागद काढला, बटाट्यांचा आकडा खोडून मोठा केला आणि परत लावला. मी तिथंच उभ्या उभ्या रडले.

मला एका हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्रीचं काम मिळालं. दादा छापखान्यात मशीन चालवायचा, एकोणीस वर्षं. त्या दुकानाची पत्रकंही तिथंच छापली जायची आणि याचं वहिनीला फार कौतुक. "आमच्याकडे छापतात आणि आम्हीच कापतो," ती हसून सांगायची.

मग छापखान्याची कामं कमी झाली. दादाला आठवड्यातून तीनच दिवस बोलावू लागले. वहिनी म्हणाली, "भागेल." आणि भागलंही, पण कसं ते दादानं आणि मी हळूहळू पाहिलं. ती सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि पातेलं खरवडून म्हणायची, "चाखता चाखताच माझं पोट भरलं." तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या.

एका गुरुवारी दादानं दहा पत्रकं आणली. "मालकानं उरलेली वाटली," तो म्हणाला.

वहिनीचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं छकुलीच हसतेय. तिनं कात्री घेतली.

जिन्यात दादानं मला गाठलं. "चाचणीचे कागद आहेत गं. मशीन लावताना पहिले काही निघतात, ते रद्दीत जातात. कुणाचं काही जात नाही. तिला बोलू नकोस."

"आणि कळलं तर?"

"कोण बघतंय कुपनाकडं? तिच्या ताटात दोन घास जास्त पडतील एवढंच."

मी गप्प बसले. पुढं सात आठवडे त्या कुपनांचं तेल, दूध, अंडी मीही खाल्ली, आणि खरं सांगायचं तर चवीनं खाल्ली.

वहिनीला एकटीनं खायची सवय नव्हती, तसं एकटीनं वाचवायचीही नव्हती. तिनं खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना कुपनं दिली, निवृत्त पोस्टमनकाकांना दिली. "आमच्या ह्यांना मिळतात," असं प्रत्येकाला सांगून दिली.

आठव्या आठवड्यात मी तिच्याबरोबर दुकानात गेले. गल्ल्यावरची मुलगी आम्हाला ओळखायची. तिनं कुपनं हातात घेतली, उलटसुलट केली आणि आतून मॅनेजरला बोलावून आणलं.

"बाई, प्रत्येक पत्रकाला वेगळा नंबर असतो," मॅनेजर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जात होतं. "तुमच्या या चारही कुपनांवर एकच नंबर आहे. याच नंबरची कुपनं दोन महिने येताहेत आमच्याकडे. कुठून आणता?"

मला सगळं कळलं, चाचणीच्या कागदांवर नंबर बदलतच नसणार. वहिनीला काहीच कळलं नव्हतं. ती ताठ मानेनं म्हणाली, "चोरून नाही आणली. माझे मिस्टर छापखान्यात आहेत. मालकानं स्वतः दिलीत. विचारा फोन करून."

आणि तिनं दादाचं पूर्ण नाव सांगितलं.

मी तिचा हात धरायला हवा होता. "वहिनी, चल घरी," एवढं तरी म्हणायला हवं होतं. मॅनेजरनं आमच्यासमोर फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकता ऐकता तो वहिनीकडं पाहायचा थांबला आणि तेव्हा तिला कळलं. तिनं भरलेली टोपली गल्ल्यावर तशीच ठेवली. घरापर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढं चालत राहिली.

दादा दुपारीच परत आला. त्याला कामावरून काढलं होतं. तो पलंगाच्या कडेला बसला. वहिनीनं त्याला पाणी दिलं आणि समोर उभी राहिली.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर वापरली असतीस?"

"नाही."

"मग?" दादा म्हणाला. "तू उपाशी राहायचीस. मला दिसत नव्हतं का?"

ती माझ्याकडं वळली. "तुला माहीत होतं?"

मी मान खाली घातली.

"म्हणजे घरात मीच तेवढी परकी," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ती दारोदार गेली. नर्सबाईंना, पोस्टमनकाकांना तिनं स्वतः सांगितलं, ती कुपनं खोटी होती, मला माफ करा. मग घरात न फोडलेलं जे होतं ते, आठ साबण आणि तेलाच्या दोन बाटल्या, पिशवीत भरून दुकानात नेलं. मॅनेजर म्हणाला, "अहो बाई, आता राहू द्या." तिनं पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि निघून आली. त्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही.

दादाला दुसऱ्या कुठल्या छापखान्यात घेतलं नाही. तो भाजीच्या गोदामात पोती उतरवायला जाऊ लागला. वहिनीनं कामगारांच्या वसतिगृहात स्वयंपाकाची नोकरी धरली. साठ माणसांचा आठवडा ती तिथं असा बसवायची, की तिथले साहेब तोंड भरून कौतुक करायचे. घरी मात्र जे हाताला लागेल ते शिजायचं. दादा विचारायचा, "उद्या काय?" ती म्हणायची, "बघू." भांडण कधी झालं नाही. दादाची थट्टाही मी पुन्हा ऐकली नाही.

चौथ्या वर्षी दादाची पाठ गेली, मग छाती. इस्पितळात ती रोज दोन बसगाड्या बदलून डबा घेऊन यायची आणि भरवायची. एकदा त्यानं तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, "माझं चुकलं." ती म्हणाली, "जेवा आधी. गार होतंय." चार दिवसांनी तो गेला.

छकुली आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. वहिनी वसतिगृहातच एका खोलीत राहते. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी जाते. आम्ही भाजी निवडतो, गुडघ्यांबद्दल बोलतो, छकुलीच्या फोनबद्दल बोलतो.

मागच्या महिन्यात शेंगा सोलता सोलता ती मध्येच म्हणाली, "मी त्यांचं नाव घेतलं. माझ्याच तोंडानं."

"मी बोलले असते तर तुला घ्यावंच लागलं नसतं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल, इतक्या वर्षांचं. तेवढ्यात आतून कुणीतरी तांदूळ किती घ्यायचे म्हणून हाक मारली, आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली.