रोलमधला शेवटचा फोटो

युद्धामुळे कॅमेऱ्याचे रोल मिळेनासे झाले होते. मामाने दिलेल्या माझ्या पेटीसारख्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता आणि आईने तो मुरबाडच्या स्थळासाठी राखून ठेवला होता. माझे आधीचे दोन फोटो आधीच्या स्थळांच्या मुलाकडच्यांनी परत पाठवले होते. एकावर कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट डाग होता.

त्या दुपारी दादा कचेरीतून आला की मला अंगणात उभं करून फोटो काढणार होता. साडी कोणती आणि पावडर किती, हे ऐकून मी सकाळीच दमले. कॅमेरा घेऊन शहापूरबाहेरच्या तळ्यावर गेले आणि काठच्या गवतात बसून राहिले. बऱ्याच वेळाने पलीकडचे बगळे उडून माझ्या बाजूच्या उथळ पाण्यात उतरले. त्यांतला एकही माझ्याकडे पाहत नव्हता. मी खटका दाबला.

घरी आई इस्त्रीची साडी हातावर घेऊन दारातच उभी होती.

"रोल संपला," मी म्हणाले.

"संपला? कशावर गो?"

"बगळ्यांवर."

आई माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत राहिली. "मग बगळेच पाठवू त्यांना. रंगाने गोरे आहेत, कुणी नाय म्हणणार नाय."

तिलाही हसू आलं नाही, मलाही नाही. तिने साडी पुन्हा ट्रंकेत ठेवली. मी पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले. नवा रोल मिळेपर्यंत तरी कुणासाठी उभं राहायचं नव्हतं. बसल्या बसल्याच मला झोप लागली.