पाठीवरची गाठ
आज दुपारी माझ्या म्हाताऱ्याच्या नव्या बनियनला पाठीवर चिंध्यांची गाठ शिवायला बसले आणि तो दवाखाना आठवला. मिठागरात राबून आलेला माझा नवरा उताणा झोपला की घोरता घोरता त्याचा श्वासच थांबायचा. मी ढकलून कुशीवर वळवायची, मला कधी पुरी झोप न्हाय मिळाली. उताणं झोपला की टोचावी म्हणून गाठ मी तेव्हाच शिवलेली, पण तो बनियन काढून फेकायचा, म्हणायचा, "मला काय उंट करतेस?" शेवटी लेकीने मीरा रोडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी त्याला औषधाने झोपवून नाकातून बारीक कॅमेरा घशात सोडला. ऑपरेशन सांगतात की काय, म्हणून मी बाहेर पदर मुठीत धरून बसलेली. तो जागा झाल्यावर बाईंनी आम्हाला टीव्हीवर दाखवलं. उताणा असताना जीभ मागं पडून श्वासाची वाट बंद, आणि कुशीवर वळवल्यावर तीच वाट उघडी. मी पिशवीतून गाठीचं बनियन काढलं. बाई हसल्या, "मावशी, तुम्हाला कुणी शिकवलं? ऑपरेशन राहू दे, आधी हेच घालू द्या." म्हातारा गाठ चाचपत म्हणाला, "म्हणजे उंटच." आता शेवटचा टाका झाला, दोरा दातानं तोडते. आत तो जुनं गाठीचं बनियन घालून कुशीवर घोरतोय, मधे कुठं न थांबता. मीपण जरा आडवी होते.