आत्या जिन्यावरून खाली

गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या आत्याबाईंना त्यांच्या धाकट्या भावाने सात वेळा ठार मारलं होतं. पहिल्यांदा विहिरीत ढकलून, मग सूपमध्ये विष कालवून, एकदा तर अंगावर कपाट पाडून. भाऊ रहस्यकथा लिहायचा. त्याच्या प्रत्येक कादंबरीत एक कजाग, चोंबडी, सगळ्यांची मापं आणि भानगडी तोंडपाठ असलेली आत्या असायची, आणि पुस्तक संपायच्या आत ती हमखास मरायची. ती कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून अख्खी गल्ली बाईंना आत्याच म्हणायची.

वर हा शहाणा भर दुपारी दुकानातल्या स्टुलावर बसून विचारायचा, "ताई, मशीनचं तेल पोटात गेलं तर माणूस किती वेळ तग धरतो गं?"

"तू पिऊन बघ, मी घड्याळ लावते," आत्या म्हणायच्या.

पुस्तक हातात पडलं की त्या आठवडाभर अबोला धरायच्या. मग तो चांगली विजार मुद्दाम उसवून आणायचा, आणि आत्या तोंड फुगवून का होईना, शिवून द्यायच्या. एकच गोष्ट त्यांनी त्याला कधी विचारली नाही: इतकी का रे नकोशी झाले मी तुला? उत्तर काय येईल याची धास्ती वाटायची.

आठवी कादंबरी अर्ध्यावर आली आणि भाऊच गेला. हृदयाचं दुखणं जुनं होतं. 'पुस्तक अर्धं राहिलं तर छापायचं की नाही ते ताई ठरवेल,' असं त्याने मुलाला आधीच बजावून ठेवलं होतं. म्हणून एके दिवशी भाचा आणि प्रकाशक दुकानात येऊन बसले, एक स्टुलावर आणि एक कापडाच्या गठ्ठ्यावर.

"नकोच छापायला, आत्या," भाचा म्हणाला. "बाबा एकेक ओळ दहादा घासायचे. अर्धवट काही त्यांना खपायचं नाही."

"अर्धवट कशाला? आमचा एक हुशार लेखक पुरी करून देतो," प्रकाशक म्हणाले. "तुम्ही फक्त हो म्हणा."

आत्यांनी चष्मा चढवला आणि हस्तलिखिताचं शेवटचं पान काढलं. शेवटची ओळ होती: 'तेवढ्यात दिवे गेले आणि आत्या जिन्यावरून खाली'. पुढे शाई नव्हती. फक्त दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात, पेन्सिलीने लिहिलं होतं: 'कोसळली'.

"हे कुणाचं?"

"आमच्या लेखकाचं. सुचवलंय आपलं."

"आली असेल! उतरली असेल! धावत सुटली असेल!" आत्या कडाडल्या. "तुम्ही थेट पाडलीत?"

"अहो, आत्या दर वेळी मरतेच. वाचक त्याचीच तर वाट बघतात."

भाचा इतका वेळ खाली बघत होता. "आत्या, बाबा त्या ओळीवर महिनाभर अडले होते," तो म्हणाला. "मी म्हटलं, टाका ढकलून, नेहमीसारखं. तर म्हणाले, ताईला मारलं की ती आठवडाभर बोलत नाही. आता तेवढे आठवडे माझ्यापाशी कुठे आहेत?"

आत्या उठून मशीनकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. त्यांना भावाची इतकी आठवण आली की आत्ता तो समोर असता तर त्याला आधी एक चापट मारली असती आणि मग जवळ घेतलं असतं.

मग त्या वळल्या, भाच्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली आणि तिच्या मागच्या रबराने 'कोसळली' पार खोडून टाकलं.

"छापा," त्या म्हणाल्या. "'खाली'पर्यंत. पुढे एक अक्षर नाही, साधं टिंबसुद्धा नाही. अर्धवट नाहीये ते. तो थांबलाय तिथे."

भाच्याने मान डोलावली. प्रकाशक मात्र कपाळाला हात लावून बसले. "अहो, पण वाचक माझा जीव खातील! विचारतील, आत्याचं पुढे झालं काय?"

"दुकान उघडं असतं," आत्या मशीनवर बसत म्हणाल्या. "येऊन बघा म्हणावं."