ट्रॉयची हवा आणि ईशाचा खोकला

आमच्या भजनी मंडळात भजनं होतात दोन आणि किस्से दहा. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्या एका हिवाळ्यात तर नुसत्या हवेचेच किस्से साठले. निमित्त माझ्या ईशाचं. सात वर्षांची पोर, खोकून बेजार. डॉक्टरांना दम्याची शंका होती आणि मला खिडकीतून दिसणाऱ्या धुराड्याची.

*

मंडळातल्या, मूळच्या नागपूरच्या शैलाताई म्हणाल्या, कुठला कारखाना हवेत काय सोडतो, ते इथलं सरकार वेबसाइटवर टाकतं. लायब्ररीत कंप्यूटरवर त्यांनी झिपकोड, म्हणजे इथला पिनकोड, टाकला. यादी निघाली ही लांबलचक! अर्ध्या तासाने कळलं, ताईंनी सवयीने त्यांच्या अमेरिकेतल्याच आधीच्या गावचा झिपकोड टाकला होता.

"असू दे," त्या म्हणाल्या, "आम्ही कशातून सुटलो ते तरी कळलं."

*

आमच्या यादीत ते धुराडं नव्हतंच. ताईंनी सरकारी ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाईने शांतपणे सांगितलं, ती चादरी धुण्याची मोठी लॉन्ड्री आहे, दिसते ती वाफ.

त्या वाफेच्या भीतीने मी घर गच्च बंद करून बसले होते!

*

मंडळात तबला वाजवणारा सुमेध हवेवरच पीएचडी करत होता. रोजची हवा कशी, तेही वेबसाइटवर रंगांत येतं म्हणाला. हिरवी चांगली, केशरी वाईट. शेजारी ईशाचा खोकला लिहायचा. मी वहीवर श्री काढून सुरुवात केली.

महिन्याने वही बघून तो म्हणाला, "काकू, डेटा छान आहे. फक्त 'देवाची कृपा' म्हणजे किती वेळा खोकली?"

*

पुढच्या महिन्यात मी आकडे लिहिले. बाहेरची हवा जवळजवळ रोज हिरवी, आणि खोकला दर सोमवारी सगळ्यात जास्त. सुमेधने दोनदा तपासलं.

"काकू, सोमवारी घरात काय असतं?"

तिच्याच खोकल्यासाठी मी सोळा सोमवार धरले होते. हीटिंग चालू, खिडक्या बंद, तासभर धूप, आणि ईशा माझ्या शेजारी.

*

त्या सोमवारी महादेवाला सांगितलं, व्रत मोडत नाही, फक्त धूप लावत नाही. फुलं वाहिली, छोटा दिवा लावला. ईशाने अख्खी कथा ऐकली. माझ्या डोळ्यांना पोथी दिसेना, तेव्हा पान तिनेच उलटलं.

हे ऑफिसातून आले. एक बूट काढून दारातच थबकले, जरा कानोसा घेतला.

"आज सोमवार नाही का?"