बिनविरोध गावातलं मत

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर होते, पण होत नाही. वेशीवरच्या कमानीवर ‘आदर्श बिनविरोध गाव’ असं लिहिलंय आणि दर निवडणुकीला त्या अक्षरांना नवा रंग मिळतो. मी धुळ्याची. लग्न होऊन या तापीकाठच्या केळीच्या गावात आले तेव्हा मलाही त्या कमानीचं कौतुक वाटलं होतं. धुळ्याला आमच्या गल्लीत निवडणूक आली की डोकी फुटायची. इथली माणसं किती शहाणी, असं मी माहेरी सांगत सुटले होते.

हे शहाणपण चालतं कसं, ते हळूहळू कळलं. अर्ज भरायच्या आधी मारुतीच्या सभामंडपात बैठक बसते. गावातले सगळ्यांत वडीलधारे आबा एकेका वॉर्डाचं नाव घेतात, मग एका घराचं. त्या घरातला कर्ता पुरुष उठतो, देवापुढचा नारळ उचलून कपाळाला लावतो आणि जागा भरली. एकदा नारळ उचलला की त्या जागेवर दुसरं कोणी अर्ज भरत नाही. जागा बायकांसाठी राखीव असली तरी नारळ पुरुषच उचलतो. आम्ही बाया बाहेर पायऱ्यांवर बसतो, प्रसादाची वाट बघत.

मी बसने जळगावला जाते आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये इतिहास शिकवते. त्यातही इंग्रजांच्या काळातल्या राजकीय सुधारणा हा माझा हातखंडा भाग. पोरांना तो रटाळ वाटतो, नुसते कायदे आणि सनावळ्या. मी तो भांडल्यासारखा शिकवते. आधी कौन्सिलात सरकारने नेमलेले लोक, म्हणजे जमीनदार, संस्थानिक, मान डोलावणारे सगळे. मग निवडून आलेले थोडे घेतले, पण बहुमत आपल्या हातात ठेवलं. मत कोणाला, तर ठरावीक सारा भरणाऱ्याला. बाईला त्यानंतर, तेही अटी घालून. पुढे आपले मंत्री नेमले, पण तिजोरी आणि पोलीस गव्हर्नरने सोडले नाहीत. दर वेळी आपले लोक म्हणाले की हे पुरत नाही, आणि पुन्हा मागायला उभे राहिले. शेवटी देश आपला झाला आणि त्याने सगळ्यांना मत दिलं, बागायतदाराला, त्याच्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराला आणि सालदाराच्या बायकोलाही. इथे आले की माझा आवाज अजून चढतो.

मागच्या खेपेला एका मुलीने विचारलं, मॅडम, तुमच्या गावात कोण निवडून आलं? मी म्हटलं, आमच्याकडे बिनविरोध असतं. वहीतून मान वर न करता ती म्हणाली, “म्हणजे नेमलेलेच ना.” मी तिच्यावर चिडले. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की तिचं काही चुकलं नव्हतं. खासदाराला मी मत दिलंय, आमदाराला दिलंय. माझ्या दारातली गटार कुठून जाणार हे ठरवणाऱ्याला मात्र आजवर कधीच नाही. माझ्या सासूबाई तर आपल्या गावासाठी एकही मत न देता गेल्या.

या खेपेला आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी निघाली. आबांनी स्वतःच्याच घराचं नाव घेतलं आणि त्यांच्या मुलाने नारळ उचलला. ज्या सुनेसाठी उचलला ती बाळंतपणाला साक्रीला माहेरी होती. आपण मेंबर झालो हे तिला फोनवर कळलं. पायऱ्यांवर हसू पसरलं, मीही हसले, आणि हसता हसता माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले की या जागेवर मीही अर्ज भरणार आहे. कोणी रागावलं नाही. बाई गंमत करतेय असं समजून प्रसाद वाटायला सुरुवात झाली.

अर्ज भरला. नवऱ्याने मला मोटारसायकलवर तहसीलला नेलं आणि तो बाहेर लिंबाखाली उभा राहिला. चांगलं केलंस म्हणाला नाही, वाईट केलंस असंही नाही. मला सरपंच व्हायचं नव्हतं, मेंबरही व्हायचं नव्हतं. दणकून हरले असते तरी चाललं असतं. एकदा, फक्त एकदा, शाळेत मशीन यावं, पडद्याआड माणसाने एकटं उभं राहावं आणि आमच्या गल्लीने स्वतःचं मत द्यावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी माघारीचा दिवस उलटेपर्यंत माझा अर्ज टिकायला हवा होता.

आबा स्वतः ओट्यावर आले. चहा घेतला, माझ्या शिकवण्याची तारीफ केली. मग खाली बघत म्हणाले, “बठ्ठं गाव एक शे, माय. तूच का आडी पडस?” मी म्हटलं, आबा, सगळं गाव एक असेल तर मतातही एकच निघेल, मग भीती कसली? त्यांना राग आला नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि आमची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, कधी कापणीला येते ते नवऱ्याला विचारलं. मला वाटलं, विषय बदलला.

केळीचं एक असतं, ती थांबत नाही. घड झाडावर हिरवा, टणक असतानाच कापावा लागतो, कारण ट्रकने उत्तरेकडे जायला त्याला दिवस लागतात. झाडावर पिवळा पडला की व्यापारी त्याच्याकडे बघत नाही. आमची बाग भरली, आणि कापणीची टोळी आली नाही. व्यापाऱ्याच्या माणसाने सांगितलं, मजूर दुसरीकडे अडकलेत. दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन केला, त्याचेही मजूर अडकलेले. आमच्या शेजारची बाग मात्र कापून झाली. आमच्याशी कोणी भांडलं नाही, पाणी तोडलं नाही, वाळीत टाकलं नाही. दुकानात मला पूर्वीसारखंच “मॅडम, बसा ना” म्हणत. कोणी तोंडावर शिवी दिली असती तर मी त्याच्याशी दोन हात केले असते. या गोडीशी कसं भांडायचं, ते मला येत नव्हतं.

नवरा रोज पहाटे बागेत जायचा आणि दुपारी येऊन न बोलता जेवायचा. शेवटी मीच त्याच्याबरोबर गेले. खालच्या ओळीत काही घडांची टोकं पिवळी झाली होती. त्याने एक केळ तोडलं, सोललं, अर्धं मला दिलं. गोड होतं. मी विचारलं, काय करू? तो म्हणाला, “घड पिकी ऱ्हायनात. माले काय विचारस?” वर्षभर त्याने ती बाग लेकरासारखी वाढवली होती. तो एकदा ओरडला असता तर मी अडून बसले असते. मला तिथे इतकं एकटं वाटलं की मी झाडाला धरून उभी राहिले आणि रडले. त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

माघारीच्या दिवशी मी तहसीलला गेले आणि सही केली. साहेबांनी विचारलं, कोणाचा दबाव? मी नाही म्हणाले. दबाव कोणाचा म्हणून सांगणार होते? परत येईपर्यंत टोळी आमच्या बागेत होती, कोयते चालू होते. संध्याकाळी मारुतीपुढे गुलाल उधळला गेला. आबांनी आमच्याकडे पेढे पाठवले, आणि ते घरात सगळ्यांनी खाल्ले, मीसुद्धा.

मतदानाच्या दिवशी मी नेहमीसारखी बसने जळगावला निघाले. पुढच्या गावात निवडणूक होती. तिथून चढलेल्या बाईच्या बोटाला ओली शाई होती आणि ती कावलेली होती. जावा-जावांत वैर झालं, बाप लेकाशी बोलत नाही, असं सांगत होती. मग तिने माझं गाव विचारलं आणि म्हणाली, तुमचं बरं बाई, काही कटकट नाही. मी हो म्हणाले. मला तिच्या बोटाचा हेवा वाटत होता, आणि तो तिला सांगणं शक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी नवऱ्याला त्या बाईचं सांगितलं. तो कोयत्याला धार लावत होता. हात न थांबवता म्हणाला, “मनं मत तं तुलेच व्हतं.”

 मी विचारलं, तेव्हा बागेत का नाही बोललात? एवढं एकच वाक्य बोलला असतात तर मी सही केली नसती.

“बोलाले कशाले जोयजे?” तो म्हणाला. “ते पेटीमा टाकानं व्हतं.”

 इतकी वर्षं मी पोरांना गुप्त मतदान शिकवते, पण ते कोणासाठी असतं हे मला माझ्याच ओट्यावर कळलं. आमच्या गल्लीत असे अजून किती न बोलणारे होते, ते आता मला कधीच कळणार नाही. आबांना मात्र ते आधीपासून माहीत असणार.