सड्यावरच्या हाका

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा मदतनीस म्हणून लागले, तेव्हा बावीस वर्षांची होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. रत्नागिरीत एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. माझं मुख्य काम बेडकांच्या टाकीचं. मुलांना विच्छेदनासाठी लागणारे बेडूक सिमेंटच्या टाकीत ठेवलेले असत. पाणी बदलायचं, मेलेले वेचून काढायचे. टाकीतले ते बेडूक कधी ओरडत नसत.

पुढच्या वर्षी पुण्याहून नवे सर आले. तिशीच्या आतले, सडपातळ, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारे. बेडकांच्या आवाजावर त्यांचं पीएच.डी.चं काम चाललं होतं. एका दुपारी ते टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून वहीत काही टिपत बसले होते आणि मी बाजूला ट्रे धूत होते. बराच वेळ ऐकून मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, तुम्ही दोनच जाती लिहिल्यात. मागे एक तिसरा आहे."

त्यांनी कॅसेट मागे घेतली. पाच-सहा वेळा ऐकल्यावर त्यांनाही तो बारीक, काडी खरवडल्यासारखा आवाज सापडला. कसं कळलं, म्हणून त्यांनी विचारलं. आमची वाडी गावाच्या खालच्या अंगाला, भातखाचरांना लागून. कुठल्या खाचरात पाणी टिकलंय आणि कुठलं फुटलंय, हे आई घरात बसून बेडकांच्या आवाजावरून सांगायची. तिच्यामुळे माझेही कान तयार झाले होते.

त्या पावसाळ्यापासून सर मला कामाला बरोबर नेऊ लागले. विभागाचे शिपाईमामा बॅटरी आणि छत्र्या घेऊन सोबत असत. तिन्हीसांजेला आम्ही शहराबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर, जायचो. कातळाच्या खळग्यांत पाणी साचलेलं असे आणि प्रत्येक खळग्याकाठी एकेक नर बसलेला. शेजाऱ्याची हाक संपली की तेवढ्या फटीत हा आपली हाक घालायचा. शेजाऱ्याचा आवाज त्याच्या ओळखीचा असे, त्याचं त्याला काही वाटत नसे. पण परका आवाज जवळ आला की त्याचा सूर बदलायचा, तो गुरगुरल्यासारखा ओरडायचा. मादी गप्प असते. ती नुसती ऐकते आणि एवढ्या गलक्यातून आपल्या जातीची हाक निवडून तिच्या रोखाने निघते. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ मात्र मला सरांनी सांगितला.

एकदा त्यांनी एका दगडावर स्पीकर ठेवून नराची हाक लावली. थोड्या वेळाने एक मादी आली. थांबत थांबत, थेट स्पीकरला नाक लावून बसली. सर खुशीत घड्याळ बघून मिनिटं लिहीत होते. मग त्यांनी कॅसेट संथ करून तीच हाक पुन्हा लावली, तर एकही मादी फिरकली नाही. हाकेचा वेग थोडा जरी चुकला तरी त्यांना ती आपली वाटत नाही, असं ते म्हणाले.

ती पहिली मादी अजून तिथेच बसून होती. मी विचारलं, "हिचं आता काय?"

"काही नाही. जाईल परत," सर म्हणाले.

दुसऱ्या पावसाळ्यात कधीतरी ते मला 'तुम्ही'वरून 'तू' म्हणू लागले. माझ्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी त्यांना आवडायची. सड्यावरून उतरताना कातळ निसरडा असे, ते हात द्यायचे आणि सपाटीला आल्यावरही सोडायचे नाहीत. शिपाईमामा पुढे चालत राहायचे. लग्नाचं त्यांनीच काढलं. तेव्हा मी सरळ सांगितलं, की आमच्या घराने आजोबांच्या काळात बौद्ध धम्म घेतलाय, तुमच्या घरी चालणार नाही. ते हसले.

"जाती मी फक्त बेडकांच्या मोजतो," ते म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत आईबाबा रत्नागिरीला येणार आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलतो, असं त्यांचं ठरलं. माझा विश्वास बसला. इतका, की मी गावी जाऊन आईला सांगितलं.  ती म्हणाली, मला त्याला लांबून एकदा बघू दे.

म्हणून सुट्टीतल्याच एका रविवारी तिला घेऊन शहरात आले. संध्याकाळी आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. ते तिथे असतील हे मला ठाऊक नव्हतं, आईला नुसता समुद्र दाखवायचा होता. जेट्टीजवळ भेळवाल्यापाशी सर उभे दिसले. सोबत त्यांचे आईवडील आणि आणखी एक कुटुंब होतं, त्यात एक निळ्या साडीतली मुलगी. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही. मला एवढंच सुचलं, की आता आईला ते दिसतील.

मी हाक मारली, "सर!"

आम्ही दहा-पंधरा पावलांवर होतो. त्यांनी वळून पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर आली, आईवर गेली, तिच्या नऊवारीवर, तिच्या अनवाणी पायांवर. मग ती समुद्राकडे गेली. त्यांच्या आईने विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "तुला हाक मारली का रे कुणी?"

"नाही. दुसऱ्या कुणाला तरी मारली असेल."

माझे कान चांगले होते. त्या दिवशी ते तसे नसते, तर बरं झालं असतं.

आईने माझं मनगट धरलं. "बाय, परत हाक मारू नको," ती म्हणाली. आम्ही वळलो. वाळूतून चालताना ती पुढे होती आणि मी तिच्या मागून, लहानपणी बांधावरून चालायचे तशी. खोलीवर तिने भात टाकला आणि मला जबरदस्तीने जेवायला घातलं. त्याच्याबद्दल ती नंतर जन्मभर एक शब्द बोलली नाही.

सुट्टी संपल्यावर सर प्रयोगशाळेत आले. माणसं होती, तिथे कसं बोलणार, आईला जरा वेळ द्यायला हवा, असं बरंच काही सांगत राहिले. मी टाकीतलं पाणी उपसत होते. मला विचारायचं होतं, की नुसतं 'आमच्या कॉलेजातल्या आहेत' एवढं म्हणायला काय लागत होतं. विचारलं नाही. फाल्गुनात त्यांचं लग्न झालं.

त्यांना आणखी एका पावसाळ्याचं ध्वनिमुद्रण हवं होतं. मी गेले त्यांच्याबरोबर. नाही म्हणू शकले असते. शिपाईमामांनी तसं सुचवलंही. पण त्या सड्यावर ते माझ्याशेजारी कान देऊन बसतील, एवढंही मला सोडवेना. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. ते आता पुन्हा 'तुम्ही' म्हणत. मी आवाज ओळखून जात सांगायचे, ते लिहून घ्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची पुण्याला नोकरीची सोय झाली. निरोपाला विभागाने चहा आणि बटाटेवडे ठेवले होते. सर प्रत्येकाशी दोन शब्द बोलत माझ्यापर्यंत आले आणि टाकीची काळजी घ्या, म्हणाले. मी हो म्हटलं. मग कपबशा गोळा करून मागच्या कोठीत गेले. तिथे नमुन्यांच्या बरण्या होत्या, फॉर्मॅलिनचा वास भरलेला असायचा. त्या खोलीतून बाहेर येणाऱ्या सगळ्यांचेच डोळे लाल असतात. त्यामुळे मी तिथे हवा तेवढा वेळ रडले, आणि कुणी काही विचारलं नाही.